भोरडी की पळसमैना?

मराठी वाङ्मयातील वसंत कोकिळेच्या स्वरावर भागतो. बर्फ वितळण्याची वाट पाहणारा वसंत त्याला ठाऊक नाही. त्या दूरच्या वसंताशी बिदर-कलबुर्गीच्या ज्वारीचे नाते जोडणारा पक्षी मात्र आपल्या परिचयाचा आहे. हिवाळ्यात कणसांवर थव्याने उतरणारी, मचाणावरून गोफणीने हाकलली जाणारी भोरडी चैत्राच्या सुमारास मध्य आशियाची वाट धरते. तेथे टोळ-नाकतोडे मुबलक होतील तेव्हाच तिची वीण फळते. बर्फ लांबले की तिचा वसंतही लांबतो.

ग्रंथांतून हिलाच पळसमैना म्हणतात, कारण फाल्गुनात ती फुललेल्या पळसावर दिसते. पक्षी एक, परंतु एक नाव शेतकऱ्याचे आणि दुसरे रसिकाचे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांचे लेखन वाचताना हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. ते सोलापूरचे, म्हणजे आपले शेजारी. २००६ साली तेथेच भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. त्यांनी 'काकागार', 'सारंगागार' असे शब्द रूढ केले. कावळ्यांची वा बगळ्यांची विणीची वसाहत एका शब्दात सांगता येऊ लागली, हा लाभ खराच. पण हे शब्द पुस्तकातून पुस्तकात जातात. तळ्याकाठी कोणी ते उच्चारील असे वाटत नाही. आदिवासींच्या तोंडचे नाव, त्यामागच्या समजुतीसह, ते जसेच्या तसे ठेवतात तेथे त्यांचे गद्य जिवंत होते. त्यांनी मराठीला लाखभर शब्द दिले असे गौरवाने सांगितले जाते; त्या गणतीत आम्हांला रस नाही.

सालिम अलींनी अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर सुगरणीचा अभ्यास केला, तसेच १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणीही केली. आपले दोन्ही जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते. ती पाहणी इंग्रजीत राहिली. विदर्भाच्या रानांना चितमपल्ली लाभले. आपल्या काळ्या जमिनीच्या पक्ष्यांवर त्या तोडीचे मराठी गद्य आमच्या वाचनात नाही. वास्तविक येथे सामग्री दुप्पट आहे. मराठीत बगळा आणि करकोचा वेगळे. कन्नडात 'कोक्करे' या एका शब्दात दोघेही येतात. दोन्ही भाषा घरात वावरणाऱ्यास हा फरक आयताच हाती येतो.

ज्वारीच्या बऱ्याच रानांत आता तूर आणि सोयाबीन उभे असते. मचाण गेले, गोफण गेली; भोरडी हे नाव आता कोणाच्या तोंडी राहणार? पळसमैना पुस्तकात राहीलच.