गवत कुठे गेले?

रानफुलांची छायाचित्रे आता घरोघरच्या दिनदर्शिकांवर येऊन बसली आहेत. चित्रे देखणी असतात, यात वाद नाही. परंतु एक तक्रार नोंदविल्यावाचून राहवत नाही. या चित्रांत फूल असते, गवत नसते.

काळ्या मुसळीचेच पाहा. पहिल्या पावसासरशी बदलापूर-अंबरनाथच्या माळांवर तिची पिवळी चांदणी जमिनीला टेकून उमलते, जेमतेम बोटाच्या पेराएवढी. चित्रात ती ताटाएवढी होते आणि भोवती नुसता हिरवा धूसर पडदा. लेन्स फुलाच्या अगदी जवळ नेली की स्पष्टतेचा पट्टा काही मिलिमीटरांवर येतो आणि मागचे सारे विरघळते. तो प्रकाशाचा नियम. त्यावर इलाज थोडा. पण आड येणारी पाती उपटून टाकणे हा कोणता नियम? एका फुलासाठी शेजारची चार रोपे तुडविणारेही मी पाहिले आहेत.

जर्मनीत कार्ल ब्लॉसफेल्ट याचे वनस्पतींच्या छायाचित्रांचे पुस्तक 1928 साली निघाले. कोऱ्या पार्श्वभूमीवर अनेक पटींनी वाढविलेले कोंब त्यात लोखंडी नक्षीसारखे दिसतात. पण तो कलाशाळेतला शिक्षक. विद्यार्थ्यांना आकार दाखवीत होता. माळ दाखविल्याचा त्याचा दावा नव्हता. आमच्या मंडळींचा असतो!

कवल्याच्या जाती ओळखायच्या तर फुलाखालची लव दिसेल इतके जवळ जावेच लागते, हे मला मान्य आहे. जावे. मात्र दुसरे चित्र उठून, चार पावले मागे येऊन काढावे.

आपल्या गृहिणींना हे अधिक कळते. कोकणात तेरड्याची गौर आणतात ती मुळासकट, कारण मुळे ही तिची पावले. छायाचित्रकार नेमकी पावलेच कापतो.

कासचे पठार 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. त्याला नाव आहे, राखण आहे. आमच्या माळांना दोन्ही नाही. उल्हासनगर 1949 साली वसले, आणि तिथून अंबरनाथ, बदलापूरपर्यंत वस्ती आता जवळजवळ सलग झाली आहे. धूसर पडद्यावरचे फूल यांतल्या कोणत्या माळावर होते, हे उद्या कोण सांगणार?

बदलापूरच्या एका तरुणाने काढलेले चित्र म्हणूनच मला मोलाचे वाटते. खाली तेरडा, भोवती गुडघाभर गवत, मागे चंदेरीचा सुळका आणि उजवीकडे नव्या इमारतीच्या परांचीचे बांबू. आभाळ पांढरेफटक आले आहे, फूलही थोडे काळवंडले आहे. दिनदर्शिकेवाले ते घेणार नाहीत. मागच्या बाजूला त्याने पेन्सिलीने तारीख आणि माळाला गुराखी ज्या नावाने ओळखतात ते नाव लिहिले आहे.