क्रमांक दिसला की आधी थांबा

'पानिपतची तिसरी लढाई' हे नाव आपण शाळेपासून घोकतो. पण त्यातलं 'तिसरी' आलं कुठून? बाबर आणि इब्राहिम लोदी (१५२६), अकबराचं सैन्य आणि हेमू (१५५६), मराठे आणि अब्दाली (१७६१) ही ओळ इतिहास लिहिणाऱ्यांनी मागाहून लावली. सोय म्हणून ठीक आहे. पण ओळ लागली की तिची एक गोष्ट होते: 'दिल्लीचा निकाल पानिपतावर लागतो.' मग १७६१ चा पराभव नियतीचा वाटू लागतो आणि तुटलेली रसद, उत्तरेत न मिळालेले मित्र हे मुद्दे मागे पडतात.

विज्ञानातही हेच. भूशास्त्रात एकेकाळी प्राथमिक, द्वितीयक, तृतीयक असे खडकांचे गट होते; चौथा, क्वाटर्नरी, नंतर जोडला गेला. आजच्या अधिकृत कालगणनेत पहिले तिन्ही नाहीत, चौथा मात्र शाबूत! म्हणजे क्रम मोडला तरी क्रमांक उरतो.

वैद्यकात ही चूक जास्त महाग पडते. कॅन्सरच्या स्टेजमध्ये क्रम खरा आहे, पण पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. चौथी स्टेज म्हणजे दुसरीच्या दुप्पट असं काही नसतं. डायबेटिसच्या टाइप १ आणि टाइप २ मध्ये तर चढता क्रमच नाही. ते दोन वेगळे आजार आहेत. 'एकच नंबर आहे, म्हणजे सुरुवात असेल' असं समजून टाइप १ च्या पेशंटने इन्सुलिन टाळलं, तर जिवावर बेततं.

आता आपल्याकडे वळू. प्रबंधांत 'रुग्णांची सरासरी स्टेज २.७' अशी वाक्यं बिनदिक्कत येतात. सरासरी काढताना पायऱ्यांमधलं अंतर सारखं आहे असं आपण गृहीत धरलेलं असतं, आणि ते कुणी सिद्ध केलेलं नसतं. त्यापेक्षा कोणत्या स्टेजचे किती रुग्ण ते सरळ सांगा, किंवा मध्यक द्या. सॉफ्टवेअर तुम्हाला अडवणार नाही. त्याला २ म्हणजे नुसता २ च दिसतो.

म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा प्रत्येक क्रमांकाला विचारा: तू काळाचा क्रम सांगतोस, तीव्रतेचा, की नुसतं लेबल आहेस? आणि तुला हा नंबर दिला कुणी, कधी? उत्तर मिळेपर्यंत बेरीज-भागाकार करू नका.