पुस्तक उलटं वाचावं

समुपदेशन शिकताना आम्हांला ‘द हॅपिनेस ट्रॅप’ हे रस हॅरिस या ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांचं, २००७ साली निघालेलं पुस्तक वाचायला सांगितलं होतं. पहिल्या वाचनात ते मला फार आवडलं. दुसऱ्यांदा वाचलं, ते एक चूक करून बसल्यावर.

पुस्तक ज्या उपचारपद्धतीवर आहे, तिचं नाव ‘ॲक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी’. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उभी केली. तिला थोडक्यात ‘ॲक्ट’ म्हणतात, म्हणजे कृती. सांगणं साधं आहे. भीती, राग, दुःख मनात येणारच. त्यांना हुसकावण्यात जीव आटवू नका. त्यांना जागा द्या, आणि जे मोलाचं वाटतं त्या दिशेने पाऊल टाका.

यातली एक युक्ती तर फारच सोपी. ‘मी बिनकामाची’ असं मनात आलं, की ‘मी बिनकामाची, असा विचार मला येतोय’ असं म्हणायचं. नाहीतर तेच वाक्य वाढदिवसाच्या गाण्याच्या चालीवर गायचं! भाकरी करपली त्या दिवशी मी गाऊन पाहिलं. हसूच आलं. विचार गेला नाही, पण त्याचा दरारा गेला.

आपल्याला वाटेल, हे तर आपलंच. ज्ञाता-द्रष्टा होऊन पाहा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. सामायिकाला ४८ मिनिटं बसतो. खरंय. पण त्या ४८ मिनिटांत विचाराकडे किती वेळ पाहिलं आणि घड्याळाकडे किती वेळ, हे ज्याचं त्याने ठरवावं. शिवाय आपली वाट कर्मनिर्जरेची, मोक्षाची. या पुस्तकाला हाच जन्म नीट जगायचा आहे. साम्य आहे म्हणून दोन्ही एकच, असं म्हणू नये.

आता माझी चूक. (ओळख पटू नये इतपत तपशील बदललाय.) बस्तीतून परतताना एक वहिनी थांबल्या. घरात पैसा हाताला लागत नाही, काही विचारलं की भांडण. मी नवी शिकलेली. म्हटलं, “वहिनी, आधी स्वीकारा.”

त्या म्हणाल्या, “तेच की करत आलोय वीस वर्षं. कर्माचा उदय, भोगायचं.”

आणि गेल्या. मला चटका बसला. आईने, सासूने जे सांगितलं, तेच मी नव्या भाषेत सांगितलं होतं.

हॅरिस असं सांगत नाहीत. स्वीकार भावनेचा, परिस्थिती बदलता येत असेल तर ती बदलायची, हे त्यांनी स्पष्ट लिहिलंय. तरी माझी तक्रार उरतेच. पुस्तकात आधी मनाला जागा द्यायची प्रकरणं येतात, मूल्यं आणि कृती नंतर. स्वतःचे निर्णय स्वतः घेणाऱ्या वाचकाला हा क्रम चालेल. जिला जन्मभर सोसणंच शिकवलं, ती पहिल्या भागातच थांबते. तिला वाटतं, आपण पास झालो.

आपल्या बायकांनी हे पुस्तक उलटं वाचावं, असं माझं मत आहे. आधी विचारावं, मला मोलाचं काय? मग, त्यासाठी उद्या काय करीन? आणि ते करताना छातीत जी धडधड होईल, तिच्यासाठी स्वीकार. मारहाण असेल तिथे मात्र यातलं काहीच आधी नाही. आधी जीव सांभाळायचा, मदत मागायची.

कर्माचं म्हणाल, तर कर्मसिद्धांतात नुसता उदय नाही. संक्रमण आहे, उदीरणा आहे, म्हणजेच पुरुषार्थाला जागा आहे. ‘भोगायचं’ एवढंच आपण उचललं, आणि तेही बहुतेक बायकांच्या वाट्याला ठेवलं.

पुढे वहिनी पुन्हा भेटल्या तेव्हा मी ‘स्वीकारा’ म्हटलं नाही. काय मोलाचं वाटतं, एवढंच विचारलं. बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “पोरीला कॉलेजला घालायचंय.”

नवऱ्याशी त्या अजून बोललेल्या नाहीत. पण परवा सांगत होत्या, “पासबुक कुठं ठेवलंय म्हणून विचारलं. हात कापत होते. विचारलं तरी.”