रंगवलेली फरशी आणि एकोणतीस

पुस्तकाला समीक्षक मिळतो, नाटकाला मिळतो. मुलांचा सापशिडीचा पट मात्र रंगसंगती पाहून विकत घेतला जातो. वास्तविक अशा प्रत्येक शैक्षणिक खेळाला एक प्रश्न विचारावयास हवा : यातील गणित अथवा वाचन खेळाच्या आत आहे, की केवळ वेष्टनावर?

सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटमध्ये शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली जिल्हा परिषद शाळांतील मुले फरशीवरील चौकटींत अंक शोधू लागली, खडे मोजू लागली, दहा काड्यांची जुडी बांधून दशक हाताळू लागली. काड्यांचा हा खेळ मला श्रेष्ठ वाटतो. तेरा काड्यांतून पाच द्यावयाच्या झाल्या की जुडी सोडावीच लागते. दशक सुटा करणे म्हणजे काय, हे निराळे समजावावे लागत नाही. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, ठिकठिकाणचे शिक्षक कुमठे पाहून गेले आणि गावोगावी फरश्या रंगल्या. रंग नेणे सोपे होते. ‘हे तू कसे केलेस?’ असे मुलाला विचारून उत्तरासाठी थांबणारा शिक्षक मात्र रंगाच्या डब्यातून येत नाही.

वाचनाच्या खेळांतही हाच दोष आढळतो. ‘ण बाणाचा’ या चित्रपत्त्यावर मूल बाण पाहते व बाण म्हणते. ‘ण’कडे त्याचे लक्षही जात नाही. याउलट फलटणला मॅक्सिन बर्नसन यांनी १९८६ साली सुरू झालेल्या कमला निंबकर बालभवनात वेगळी वाट धरली. सगळी मुळाक्षरे संपण्याची वाट न पाहता थोडी अक्षरे व मात्रा एकत्र द्यावयाच्या, म्हणजे मूल लगेच अर्थपूर्ण शब्द जुळवू लागते. पत्ते करावयाचेच तर असे करावेत.

पटाच्या खेळांविषयी रॉबर्ट सिग्लर व गीता रमाणी यांचे अमेरिकेतील २००८ सालचे संशोधन उद्बोधक आहे. गरीब घरांतील बालकांना एका सरळ रेषेतील घरांवर सोंगटी चालवावयास दिली. ज्यांच्या पटावर अंक होते त्यांची संख्यांची जाण वाढली. केवळ रंगीत घरांवर खेळलेल्यांची वाढली नाही.

सांगलीच्या जत तालुक्यात हा विषय अधिक गंभीर होतो. तेथील अनेक घरांत कन्नड बोलली जाते. कन्नडमध्ये २९ म्हणजे ‘इप्पत्तोंबत्तु’, वीस आणि नऊ. मराठी शाळेत त्याच मुलाला ‘एकोणतीस’ म्हणावे लागते, ज्यात ना वीस ऐकू येते ना नऊ. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली, तेव्हा भाषा बुडाल्याची हाकाटी झाली. मंगला नारळीकर यांनी तिची बाजू मांडली. माझ्या मते त्यांचे म्हणणे रास्त होते. मात्र परंपरेने आलेला शब्दही मुलाला कळावयास हवा, आणि येथे आपली सापशिडी कामास येते. तिसऱ्या ओळीत २९ अगदी ३० ला चिकटून बसलेले असते : तिसाला एक उणे. पंचवीसवरून चार पडले तर ‘एक, दोन, तीन, चार’ न म्हणता ‘सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस’ असे मोठ्याने म्हणवून घ्यावे. पट घेताना प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू होणारा घ्यावा. नागमोडी पटावर लहान मूल ओळ संपली की गोंधळते.