एपिदौरोस येथील रोगमुक्तिलेख : साक्ष आणि संपादन

एपिदौरोस म्हटले म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते तेथील प्रेक्षागृह. आसनांच्या ५५ ओळींची ती वास्तू आजही नाट्यप्रयोगांनी गजबजते. तथापि पेलोपोनीसच्या ईशान्येस, समुद्रकाठच्या एपिदौरोस नगरापासून काही मैल आत वसलेले हे क्षेत्र मुळात अस्क्लेपिओस या आरोग्यदेवतेचे होय. या भग्नावशेषांतील सर्वांत बोलका अवशेष म्हणजे तेथे सापडलेले कोरीव शिलापट्ट. इ. स. १८८१ पासून पानायोतिस काव्वादियास यांनी येथे जे उत्खनन केले, त्यात ते हाती आले. पौसानियास या प्रवासवर्णनकाराने इ. स. च्या दुसऱ्या शतकात असे सहा पट्ट पाहिले होते. पूर्वी ते अधिक होते, आणि त्यांची बोली डोरिक होती, असे तो नमूद करतो. आज दोन पट्ट बऱ्याच अंशी पूर्ण, तर इतर तुकड्यांच्या रूपात उपलब्ध आहेत. अपोलो आणि अस्क्लेपिओस यांनी घडविलेल्या 'इआमाता', म्हणजे रोगमुक्ती, असे त्यांचे शीर्षक असून त्यांत सुमारे ७० कथा आहेत. त्यांचा काळ इ. स. पू. चौथ्या शतकाचा उत्तरार्ध मानला जातो.

या लेखांकडे पाहण्याच्या दोन दृष्टी रूढ आहेत. पहिली त्यांना वैद्यकीय टिपणे मानते आणि स्वप्नातील शस्त्रक्रियेमागे प्रत्यक्ष वैद्य शोधते. दुसरी त्यांना पुजाऱ्यांनी केलेली फसवणूक मानून बाजूला सारते. प्रस्तुत लेखकाच्या मते दोन्ही दृष्टींत एकच उणीव आहे : लेखाची भाषा तपासण्यापूर्वीच त्या निकाल देतात. वैद्यकीय टिपणच म्हणावे, तर फुटलेल्या पेल्याच्या कथेचे काय करावयाचे? एक हमाल क्षेत्राच्या वाटेवर पडतो. मालकाचा पेला फुटतो. हा पेला अस्क्लेपिओसालाही सांधता यावयाचा नाही, असे कोणी वाटसरू म्हणतो. आणि क्षेत्रात पोहोचून पिशवी उघडावी तो पेला अखंड! येथे रोगी नाही, निद्रा नाही, औषध नाही. उलट, केवळ लबाडी म्हणून लेख टाकून द्यावेत, तर त्यांच्या रचनेतील काटेकोरपणाचा उलगडा होत नाही.

ती रचना पाहावी. बहुतेक कथांत प्रथम रोग्याचे नाव, गाव आणि व्याधी येते. नंतर तो 'अबातोन' मध्ये निजतो. या शब्दाचा अर्थ 'जेथे पाऊल टाकू नये ते स्थान' असा आहे. विधिपूर्वक आलेल्यालाच तेथे प्रवेश असे. मग त्याला दृष्टान्त होतो, आणि दिवस उजाडताच तो बरा होऊन बाहेर पडतो. यातील क्रियापदांची योजना लक्षणीय आहे. स्वप्नातील प्रसंग 'एदोकेई' म्हणजे 'वाटले' या क्रियापदाच्या आश्रयाने, तुमन्त रूपांत सांगितला जातो : देव आला असे वाटले, डोळा चिरून औषध ओतले असे वाटले. उजाडल्यानंतरचे वाक्य मात्र निखळ भूतकाळी विधान असते : तो बाहेर पडला. लेखकाला स्वप्न आणि वस्तुस्थिती यांतील भेद ठाऊक होता, आणि तो त्याने व्याकरणातच पाळला आहे. जो आडपडदा मराठीत 'वाटले' किंवा 'म्हणे' या शब्दांनी राहतो, तो येथे नेमका उजाडण्याच्या क्षणी दूर होतो.

हा भेद ध्यानी ठेवून पहिल्या पट्टावरील पहिलीच कथा वाचावी. क्लेओ नावाची स्त्री पाच वर्षे गर्भवती होती. ती अबातोनमध्ये निजली, बाहेर आली आणि क्षेत्राची हद्द ओलांडताच तिला मुलगा झाला. त्याने जन्मतःच झऱ्यावर स्वतः स्नान केले आणि तो आईबरोबर चालू लागला. यानंतर क्लेओने वाहिलेल्या नवसाच्या पाटीवरील छोटा लयबद्ध लेख दिला आहे. त्याचा आशय असा : नवल पाटीच्या आकाराचे नव्हे, देवाच्या कृतीचे आहे, क्लेओने पाच वर्षे पोटात भार वाहिला, ती देवळात निजली आणि देवाने तिला बरे केले. क्लेओची साक्ष एवढीच. स्नान नाही, चालणे नाही. किंबहुना मुलाचा उल्लेखही नाही. 'भार' या शब्दाने ती जे सांगते, त्याचा मुलगा झाला तो गद्य लेखकाच्या हातून. या वाढीव मजकुरात 'वाटले' हे क्रियापद कोठेही नाही. सारे निखळ विधान आहे. येथे साक्ष आणि संपादन यांमधील सांधा उघडा पडलेला दिसतो. पण ज्या संपादकाने ही भर घातली, त्यानेच मूळ पाटीवरील शब्दही जपून ठेवले, हेही विसरता येत नाही. त्याला फसवावयाचेच असते, तर स्वतःविरुद्धचा हा पुरावा त्याने शेजारीच कोरला नसता.

संशयाची शक्यताही त्याने आधीच हेरली होती. एका मनुष्याच्या हाताची, एक वगळता, सारी बोटे लुळी होती. क्षेत्रातील पाट्या वाचून त्याने अविश्वास दाखविला. देवाने त्याला बरे केले, पण यापुढे तुझे नाव 'आपिस्तोस', म्हणजे अविश्वासी, असे बजावले. वाचकाचा संशय हा या लेखांतील एक पात्रच होय. त्याला बोलू दिले जाते, आणि कथेच्या अखेरीस तो गप्प होतो.

तरीही एक प्रश्न उरतो : या कथांत काळाचा निर्देश का नसावा? नोंदी ठेवण्याची कला क्षेत्राला अवगत नव्हती, असे म्हणता येत नाही. याच ठिकाणी सापडलेल्या मंदिराच्या बांधकामखर्चाच्या लेखात थेओदोतोस या वास्तुशिल्पज्ञाचे वार्षिक वेतन ३५३ द्राख्मा असल्याचे नमूद आहे. जेथे दगडाचा आणि मजुरीचा हिशेब असा ठेवला जाई, तेथे रोगमुक्तीचे वर्ष न सांगणे हा विसर नव्हे. वर्ष सांगितले की घटना भूतकाळात बंद होते. न सांगितले की ती आज रात्री निजणाऱ्यालाही लागू पडते. पुढे इ. स. च्या दुसऱ्या शतकात आपेल्लास नावाचा रोगी आपला लेख प्रथमपुरुषी कोरवितो. त्यात भाकरी आणि चीज, मध घातलेले दूध, धावण्याचा व्यायाम असे पथ्य आहे. तेथे रोगी स्वतः बोलतो, आणि चमत्काराची जागा दिनचर्या घेते.

शेवटी, हे लेख जेथे मौन पाळतात तेथे अवशेषांच्या इतिहासाकडे वळावे लागते. क्षेत्राच्या हद्दीत जन्म आणि मृत्यू दोन्ही निषिद्ध होते. क्लेओची प्रसूती हद्दीबाहेरच का घडते, याचे उत्तर या नियमात आहे; कथेतील अद्भुतानेही क्षेत्राचा आचार मोडलेला नाही. परंतु पौसानियास सांगतो की, स्त्रियांना प्रसूतीसाठी आसरा नव्हता आणि रोग्यांना उघड्या आकाशाखाली मरण येई. म्हणून अन्तोनिनुस या रोमन सेनेटराने त्यांच्यासाठी घर बांधविले. एकाही शिलापट्टावर न आलेल्या माणसांचा हा उल्लेख आहे. जे बरे झाले नाहीत, त्यांनी पाटी वाहिली नाही.

रोगमुक्तिलेखांचा अभ्यास करणाऱ्याने म्हणूनच त्या घराचे स्मरण ठेवून शिलापट्ट वाचावेत. संपादकाने घातलेली भर वेगळी काढता आली, म्हणजे क्लेओचे चार शब्द तिचे तिला परत मिळतात. आणि ज्यांचे शब्द कोणीच कोरले नाहीत, त्यांची जागा निदान रिकामी म्हणून तरी ओळखता येते. ग्रंथपरीक्षणाचे काम याहून अधिक नाही. पण याहून कमीही नाही.