अरण्यविद्येचे गुरुऋण

१

नागर वस्ती सोडून रानात जावे, दगड छिलून त्याचे हत्यार करावे, लाकडावर लाकूड घासून विस्तव काढावा, कंदमुळे ओळखावीत आणि केवळ स्वतःच्या हातांच्या बळावर जगून पाहावे, ही आकांक्षा पाश्चात्त्य वाङ्मयात नवी नाही. डॅनियल डेफोचा ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९ साली निघाला. हेन्री डेव्हिड थोरोचा ‘वॉल्डन’ १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९२३ मध्ये सॅक्स्टन पोप ह्या शल्यवैद्याने धनुष्यबाणाच्या शिकारीवर ग्रंथ लिहिला, आणि १९६७ मध्ये लॅरी डीन ओल्सेन ह्यांचे रानात तगून राहण्याच्या कौशल्यांवरील पाठ्यपुस्तक अमेरिकेत निघाले. आज तेथे ह्या आदिम कौशल्यांचे रीतसर वर्ग चालतात व त्यांच्याभोवती वाङ्मयाचा एक स्वतंत्र प्रवाहच निर्माण झाला आहे.

ह्या वाङ्मयाचे परीक्षण बहुधा दोन कसोट्यांवर केले जाते. लेखकाचे साहस किती अस्सल, ही पहिली. आणि त्याचे निसर्गवर्णन किती जिवंत, ही दुसरी. दोन्ही कसोट्या आपापल्या जागी योग्यच आहेत. परंतु त्या अपुऱ्या आहेत. कोणतीही विद्या आकाशातून पडत नाही. कोणता कंद खावा व कोणता टाळावा, हे कोणा एका माणसाला एका जन्मात कळलेले नसते. त्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असतो, आणि तो अनुभव सांभाळणारा एक समाज असतो. म्हणून ह्या ग्रंथांना तिसरा एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे : रानात राहण्याची ही विद्या लेखकाने कोणाकडून घेतली, आणि त्या गुरूला ग्रंथात कोठे बसविले?

हा प्रश्न भाषांतरकारापुढे तर पहिल्या शब्दापासूनच उभा राहतो. इंग्रजीतील ‘वाइल्डरनेस’ ह्या शब्दात मनुष्याचा अभाव गृहीत आहे. अमेरिकेने १९६४ साली ह्याच नावाचा कायदा केला, तेव्हा जेथे माणूस केवळ पाहुणा म्हणून येतो आणि मुक्काम करीत नाही अशी भूमी, अशीच त्याची व्याख्या केली. आपले ‘अरण्य’ असे निर्जन नाही. ते ग्रामाहून वेगळे खरे. पण वनवासी रामाला तेथे निषादराज गुह भेटतो, शबरी भेटते, ऋषींचे आश्रम लागतात. मराठीतील ‘रान’ तर ह्याहूनही जवळचे आहे. शेतावर निघालेला कुणबीसुद्धा ‘रानात जातो’ असेच म्हणतो. त्यामुळे ‘वाइल्डरनेस’साठी ‘अरण्य’ वा ‘रान’ लिहिले, की मूळ शब्दाने बाहेर घालविलेली माणसे भाषांतरात आपोआप परत येतात. भाषांतराच्या दृष्टीने हा दोष असेल. सत्याच्या दृष्टीने तो दोष आहे असे म्हणवत नाही.

२

क्रूसोपासून प्रारंभ करणे इष्ट. स्वावलंबनाचा आदर्श म्हणून ज्याचे नाव घेतले जाते त्या ह्या नायकाचा पहिला उद्योग म्हणजे फुटक्या जहाजावर पुन्हा पुन्हा जाऊन हत्यारे, बंदुका, दारू व धान्य किनाऱ्यावर आणणे हा होय. युरोपातील कारागिरांचे श्रम त्याच्यासोबत बेटावर उतरतात, ही गोष्ट डेफो लपवीत नाही. मडकी भाजण्यातील क्रूसोची फजिती आणि अवजड होडी कोरून झाल्यावर ती पाण्यापर्यंत नेता न येणे, हे प्रसंग ह्या कादंबरीचे खरे वैभव आहेत. कारण त्यांत एकट्या माणसाची मर्यादा दिसते.

अधिक अर्थपूर्ण प्रसंग पुढे येतो. फ्रायडे आल्यानंतर नवी होडी करावयाची ठरते, तेव्हा कोणते झाड तिला योग्य हे फ्रायडेला आपल्यापेक्षा कितीतरी अधिक कळते, अशी कबुली क्रूसो देतो. खोड आतून जाळून पोकळ करावे, असे फ्रायडे सुचवितो. ती त्याच्या लोकांची रीत आहे. क्रूसो मात्र त्याला लोखंडी हत्यारांनी कोरावयास शिकवितो आणि फ्रायडे ते चटकन आत्मसात करतो. एका वाक्यात गुरू म्हणून उभा राहिलेला माणूस पुढच्याच वाक्यात शिष्य होतो. अरण्यविद्येच्या वाङ्मयातील हा पहिला मोठा अन्याय होय, आणि तो इतक्या सहजपणे घडतो की वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

३

थोरोची गोष्ट वेगळी. ४ जुलै १८४५ पासून ६ सप्टेंबर १८४७ पर्यंत तो वॉल्डन तळ्याकाठी राहिला. दुर्गा भागवत ह्यांच्या भाषांतरामुळे हा ग्रंथ मराठी वाचकाला परका राहिलेला नाही. त्यावर नेहमीचा आक्षेप असा, की हा अरण्यवास नव्हेच : गाव हाकेच्या अंतरावर, जागा एमर्सनची, कुऱ्हाड उसनी, आणि झोपडीच्या फळ्या रेल्वेवरील एका आयरिश मजुराच्या खोपटातून विकत घेतलेल्या. परंतु हे सारे वाचकाला कळते ते प्रामुख्याने थोरोनेच सांगितले म्हणून. झोपडीचा खर्च अठ्ठावीस डॉलर साडेबारा सेंट झाला, हा हिशेब तो बाबवार मांडतो. कुऱ्हाड घेतली त्याहून अधिक धारदार करून परत केली, हेही नोंदवितो. ज्या ग्रंथात उसनवारीची अशी चोख नोंद आहे त्याच्यावर ढोंगाचा आरोप करणे न्याय्य होणार नाही.

थोरोच्या अरण्यविद्येची खरी परीक्षा मात्र ‘वॉल्डन’मध्ये होत नाही. ती त्याच्या मृत्यूनंतर, १८६४ साली, ग्रंथरूपाने आलेल्या ‘द मेन वूड्स’ ह्या प्रवासलेखनात होते. १८५७ च्या प्रवासात जो पोलिस हा पेनॉब्स्कॉट जमातीचा वाटाड्या त्याच्या सोबत होता. ह्या प्रवासात मला ठाऊक आहे ते सारे मी तुला सांगेन, तुला ठाऊक आहे ते तू मला सांग, असा करार थोरो त्याच्यापुढे मांडतो आणि पोलिस तो मान्य करतो. करार समानतेचा आहे. परंतु अनोळखी रानात तू वाट कशी ओळखतोस, असे विचारल्यावर पोलिसला ते सांगता येत नाही.

हे ‘सांगता येत नाही’ अतिशय मोलाचे आहे. त्यात अज्ञान नाही, की लपवाछपवीही नाही. ज्ञान म्हणजे वाक्यात मांडता येते ते, अशी थोरोची पदवीधर समजूत होती. ती येथे प्रथमच अडते. झाडाची साल, उताराची दिशा, वाऱ्याचा स्पर्श ह्यांची जी एकत्र जाणीव पोलिसच्या अंगात मुरली होती, तिचे टाचण होऊ शकत नव्हते. थोरोने ते उत्तर जसेच्या तसे नोंदवून ठेवले, ह्यात त्याचा प्रामाणिकपणा आहे. ग्रंथाने जे शिकविता येत नाही त्याची सीमा ग्रंथातच आखली गेली.

४

ह्या विषयावरील सर्वांत गंभीर ग्रंथ म्हणून थिओडोरा क्रोबर ह्यांच्या ‘इशी इन टू वर्ल्ड्‌स’ (१९६१) ह्या चरित्राकडे पाहावे लागते. २९ ऑगस्ट १९११ रोजी कॅलिफोर्नियातील ऑरोव्हिल गावाजवळच्या एका कत्तलखान्यापाशी उपासमारीने खंगलेला एक माणूस सापडला. तो याही लोकांपैकी शेवटचा उरलेला माणूस होता. त्याची भाषा कोणालाच कळत नव्हती. विद्यापीठातून आलेले वॉटरमन याना भाषेतील शब्दांची यादी एकेक करून वाचू लागले. अखेर खाटेच्या लाकडावर बोट आपटीत पिवळ्या पाइन वृक्षाचे नाव त्यांनी उच्चारले, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. पुढे त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात नेण्यात आले आणि २५ मार्च १९१६ रोजी क्षयाने मृत्यू येईपर्यंत तो तेथेच राहिला. त्याच्या लोकांच्या रीतीप्रमाणे स्वतःचे नाव परक्यापाशी उच्चारावयाचे नसते. म्हणून त्याला ‘इशी’ म्हणू लागले. याना भाषेत त्याचा अर्थ नुसता ‘माणूस’ असा आहे.

ग्रंथाच्या रचनेत लेखिकेचा विवेक दिसतो. त्याचे दोन भाग आहेत. पहिल्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर याही लोकांचा वसाहतवाल्यांनी केलेला संहार आणि उरलेल्या मूठभर माणसांचे दीर्घ अज्ञातवासाचे जिणे येते. १९०८ मध्ये जमीन मोजणाऱ्यांच्या एका तुकडीने त्यांची अखेरची लपलेली वस्ती शोधून तेथील चीजवस्तू उचलून नेली, तेही येते. इशीचे संग्रहालयातील जीवन येते ते दुसऱ्या भागात. म्हणजे तो काचेच्या तुकड्यातून बाणाचे पाते कसे काढतो हे कौतुकाने वाचताना, ही विद्या जगात एकाच माणसापाशी का उरली, हे वाचकाला आधीच ठाऊक असते. कौतुकाला शरमेची किनार लागते. क्रम उलटा असता तर हेच वर्णन एखाद्या कुशल कारागिराचे मनोरंजक शब्दचित्र होऊन राहिले असते.

संग्रहालयात रविवारी दुपारी प्रेक्षकांपुढे इशी विस्तव पाडून दाखवी, बाणांची पाती करून दाखवी. शेजारच्या रुग्णालयातील डॉक्टर पोप त्याचे मित्र झाले व त्याच्यापाशी धनुर्विद्या शिकले. आडव्या पसरलेल्या हातापासून दुसऱ्या बाजूच्या कमरेपर्यंतचे अंतर हे धनुष्याचे माप. त्याची पाठ स्नायूंच्या तंतूंनी मढवावयाची. ते उभे ठेवले तर काम करीतच राहते, दमते, म्हणून आडवे निजवावयाचे. पोप ह्यांनी हे सारे मनःपूर्वक टिपले आणि आपल्या १९२३ च्या ग्रंथाचा आरंभच इशीच्या कथेने केला. ऋणाची कबुली ह्याहून स्पष्ट असू शकत नाही. तरीही एक गोष्ट विसरता येत नाही. पोप स्वतः पुढे इंग्रजी धाटणीच्या लांब धनुष्याकडे वळले, त्यांच्या हाती ही विद्या हौसेची शिकार झाली, आणि अमेरिकेतील धनुर्धारी शिकाऱ्यांची संस्था त्यांच्या नावाने उभी राहिली.

भारतीय वाचकाला येथे एकलव्य आठवल्यावाचून राहणार नाही. तेथे रानातला निषादपुत्र नगरातल्या आचार्याकडे विद्या मागावयास येतो, नाकारला जातो, आणि मातीच्या मूर्तीपुढे स्वतःच्या अभ्यासाने ती मिळवूनही अंगठा देऊन बसतो. येथे नगरातला विद्वान रानातल्या आचार्याकडे येतो व विद्या मिळवितो. दोन्ही कथांत किंमत मात्र रानानेच मोजली आहे. इशीच्या मृत्यूनंतर शवविच्छेदन झाले, त्याचा मेंदू काढून पुढे वॉशिंग्टनच्या संग्रहालयाकडे पाठविण्यात आला. तो त्याच्या आप्त जमातींच्या हाती परत पडावयास २००० साल उजाडावे लागले. क्रोबरबाईंच्या ग्रंथाचा सूर समजूतदार, शांत आहे, आणि तीच त्याची उणीवही आहे. संग्रहालयातील ते घर त्यांनी जरा अधिकच उबदार रंगविले आहे.

पुढे इशीच्या बाणांच्या पात्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांची घडण शेजारच्या जमातींच्या पात्यांशी जुळते असे स्टीव्हन शॅकली ह्यांनी दाखविले. ‘शेवटचा अस्पर्श वन्य मानव’ ही त्याच्याभोवती उभारलेली प्रतिमा ह्यामुळे डळमळते. ज्याला निसर्गाचे अपत्य मानले त्याच्याही हातात शेजाऱ्यांकडून घेतलेले शिक्षण होते. आपल्या प्रतिपाद्याला ह्याहून बळकट पुरावा क्वचितच मिळेल.

ह्या पानांचे मराठी करताना शब्दांची निवड ही नैतिक बाब होते. ‘धनुष्य’ व ‘प्रत्यंचा’ लिहिले, की वाचक रामायणात जातो. ‘अरणी’ आणि ‘मंथन’ लिहिले, की यज्ञमंडपात. ‘तीरकमठा’ आणि ‘दोरी’ लिहिले तर तो सातपुड्यात आणि सह्याद्रीच्या उतारावर, भिल्ल-कातकऱ्यांच्या पाड्यांवर पोहोचतो. इशीचा आप्त त्याला तेथेच भेटण्याचा संभव अधिक.

५

व्लादिमीर आर्सेन्येव्ह ह्या रशियन अधिकाऱ्याचा ‘देर्सू उझाला’ (१९२३) ह्या सर्वांत साधा, आणि म्हणूनच कदाचित सर्वांत टिकाऊ. उसूरीच्या रानात भूमापनासाठी फिरताना त्याला देर्सू हा नानाई शिकारी भेटतो. हांका सरोवराकाठी हिमवादळाने गाठल्यावर देर्सू गवत कापून निवारा करतो आणि दोघांचे प्राण वाचवितो. हे कौशल्य थोर आहेच. पण ग्रंथाचे मर्म दुसऱ्या एका छोट्या प्रसंगात आहे. रानातील एका ओसाड खोपटात रात्र काढल्यावर देर्सू ते डागडुजी करून ठेवतो आणि थोडे तांदूळ, मीठ व काड्या मागून घेऊन तेथे ठेवतो. कोणी येणार आहे का, असे अधिकारी विचारतो. देर्सूला ते ठाऊक नसते. पण कोणी आलाच, तर उपाशी मरू नये.

अरण्यविद्या म्हणजे एकट्याने तगण्याची युक्ती, ही समजूत ह्या प्रसंगापुढे टिकत नाही. न पाहिलेल्या माणसाची तजवीज हा त्या विद्येचा भागच आहे. आर्सेन्येव्ह हे जाणतो, स्वतःला शिष्य म्हणून लहान ठेवतो, आणि वृद्ध देर्सूला शहरात आणण्याची आपली चूकही मांडतो. सरपण व पाणी ह्यांना पैसे मोजावे लागतात हे देर्सूला असह्य होते. शहर सोडून निघाल्यावर तो लवकरच मारला जातो. आणि ज्या नकाशांसाठी देर्सूने वाटा दाखविल्या, त्याच नकाशांनी ते रान वसाहतीला मोकळे केले. ही व्यथा बिभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘आरण्यक’मध्येही (१९३९) आहे. रानावर जीव जडलेला सत्यचरण हाच त्या रानाचे तुकडे करून पट्ट्याने देणारा व्यवस्थापक असतो. शिष्याच्या हातून गुरूचे घर मोडावे, ह्याहून मोठी शोकांतिका ह्या वाङ्मयात नाही. आणि ती न लपविणारे ग्रंथच त्यात श्रेष्ठ ठरतात.

६

रानात जाऊन हाताने जगावयास शिकणे ह्यात निंद्य काही नाही. उलट ज्याच्या हाताला कशाचीच सवय उरली नाही अशा समाजाला त्याची गरजही असेल. प्रश्न वाङ्मयाचा आहे. लेखक जेव्हा दगड, काष्ठ व तंतू ह्यांच्या संगतीत स्वतःलाच शोधीत बसतो आणि ज्यांनी ते दगड प्रथम ओळखले त्यांना पार्श्वभूमीत ढकलतो, तेव्हा त्याचे निसर्गवर्णन कितीही सुंदर असले तरी त्यात एक पोकळी राहते. वाचकाला ती कधी एकसुरेपणा म्हणून जाणवते, तर कधी नुसती फुशारकी म्हणून. तिचे मूळ मात्र कृतघ्नतेत असते.

विदर्भाच्या अरण्यांत वनाधिकारी म्हणून दीर्घकाळ काढलेल्या मारुती चितमपल्ली ह्यांच्या एका पुस्तकाचे नाव ‘जंगलाचं देणं’ असे आहे. मराठीत ‘देणे’ म्हणजे दान. आणि ‘देणे’ म्हणजे फेडावयाचे कर्जही. जे मिळाले आणि जे परत करावयाचे आहे, त्या दोहोंना भाषेने एकच शब्द ठेवला आहे. अरण्यविद्येवरील कोणताही ग्रंथ हाती घेताना त्यात ह्या शब्दाचा दुसरा अर्थ शिल्लक आहे की नाही, हे प्रथम पाहावे.