वचनाविना श्रद्धा : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

ना. वा. टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने ख्रिस्ती धर्मग्रंथ दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. अभ्यासक या फळलेल्या वचनापाशीच रेंगाळतात.

लक्ष्मीबाईंना असे वचन कोणी दिले नव्हते. पतीपाठोपाठ त्या ख्रिस्ती झाल्या नाहीत; ताटातूट सोसली, सोवळे पाळले. जातिभेद माणसाने केला हे स्वतःला पटले, त्यानंतरच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे टिळकांनीही मिशनची चाकरी सोडून १९१७ साली ‘देवाचा दरबार’ स्थापला. देवाची आज्ञा मानणे म्हणजे नवऱ्याची किंवा मिशनची आज्ञा मानणे नव्हे. ‘स्मृतिचित्रे’ला पतिनिष्ठेची कहाणी म्हणणारी समीक्षा नेमके हेच विसरते.